लोकरीची हद्द

पुणं कुठे संपतं हे सांगणारी माणसं पुण्यात हवी तितकी मिळतील. ती हद्द अंगातला स्वेटर उसवून भिंतीवर मांडणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. ते आमचे सर.

सर माझे शिक्षक नव्हेत, आमच्या मालकाचे. मालक त्यांच्याकडे शाळेत भूगोल शिकला, त्यात जेमतेम पास झाला आणि मोठेपणी कंप्युटरची कंपनी काढून बसला. कंपनी म्हणजे मंडईजवळ सुकामेव्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या जिन्याचं दार काही उघडत नसे, खांदा लावावा लागे. आत एक काचेची खोली, तिच्यात कंप्युटर. चपला बाहेर काढून जायचं, देवघरात जावं तसं. बारा महिने एसी चालू, कारण यंत्रांना उकाडा सोसत नाही. माणसांना गारठा सोसतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणून सर भर मे महिन्यातही किरमिजी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसत. तो त्यांच्या पत्नीनं विणलेला होता. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शनिवार पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी, आणि दिवसभर आमचं ऑफिस, एवढाच त्यांचा संसार.

आणि मी? मी तिथे भूगोल विभागाची टीम लीडर होते. हसू नका, कार्ड होतं तसं छापलेलं. तिशी नुकतीच ओलांडलेली, ब्लाऊजच्या बाह्यांना फुगे, हातात कारणाशिवाय फाईल. माझ्या हाताखाली तीन मुली होत्या, त्या मला मॅडम म्हणायच्या आणि मी वळले की माझ्या चालीची नक्कल करायच्या. ते कार्ड मी मंडईतल्या भाजीवालीलासुद्धा दिलं होतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, चौपदरी घडी घातली आणि तिच्या डुगडुगणाऱ्या पाटाच्या पायाखाली सारलं. पुढे कितीतरी दिवस माझ्या हुद्द्यावर तिचा पाट स्थिर होता. त्या नोकरीत माझ्या हातून झालेलं तेवढंच भरीव काम, असं मला आता वाटतं.

आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर सरांचं वेड कळायचं नाही. अमेरिकेत जनगणना झाली की त्यातल्या काही घरांची माहिती नावगाव पुसून अभ्यासासाठी सगळ्यांना खुली करतात. घरात माणसं किती, खोल्या किती, कामाला कधी निघता, पोचायला किती वेळ लागतो, सगळं असतं. फक्त गावाचं नाव नसतं. त्याऐवजी एका पट्ट्याचा नंबर असतो. पट्टा म्हणजे लाखभर किंवा त्याहून जास्त वस्तीचा तुकडा, कुणी कुणाला ओळखू नये एवढा मोठा. आता तिकडच्या आमच्या गिऱ्हाइकाला हवं होतं महानगर. म्हणजे हे बिननावाचं घर कुठल्या महानगरात मोडतं, ते आम्ही पट्ट्यावरून शोधून द्यायचं. काही पट्टे सबंध शहरात बसत. काही सबंध बाहेर राहत. पण पुष्कळ पट्ट्यांचा एक पाय शहरात आणि दुसरा मक्याच्या शेतात. त्यांचं काय करायचं? गिऱ्हाइकानं नियम पाठवला होता : पट्ट्यातली निम्म्याहून जास्त माणसं महानगरात राहत असतील तर सगळा पट्टा आत, नाहीतर सगळा बाहेर.

मला तो नियम फार आवडला. सुटसुटीत, विचार करायला नको. सरांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो खडकी, जरा इकडे या."

सर माणसांना त्यांच्या वस्तीच्या नावानं हाक मारत. मी खडकीची म्हणून खडकी. मालक डेक्कनचा म्हणून 'अरे डेक्कन.' आम्हीही त्यांच्या माघारी त्यांना 'शनिवार पेठ' म्हणायचो.

"हे काय आहे? निम्म्याच्या वर एक माणूस शहरात राहतो म्हणून उरलेले सगळे मकेवाले एका फटक्यात शहरी? आणि तिकडे एक माणूस कमी पडला की अख्खं उपनगर गावाबाहेर? ही काय कुस्ती लावली आहे, एकानं जिंकायला?"

"सर, नियम त्यांचा आहे. आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला काय करायचंय, हे पुण्याबाहेर बोलतात," सर म्हणाले.

मग त्यांनी पारदर्शक कागदावर तिकडचे पट्टे उतरवले, ते शहरांच्या नकाशांवर ठेवले आणि जाडजूड पुस्तकांतून गावोगावची वस्ती काढली. प्रत्येक महानगरामागे त्यांनी दोन रकाने आखले. नियमामुळे जे फुकटात शहरात आले ते 'घुसखोर', आणि जे शहरात राहूनही बाहेर पडले ते 'हद्दपार'. हे कुणी मागितलं नव्हतं. मी गाळायला निघाले होते, पण मालकानं घाईत पाठवून दिलं. गिऱ्हाइकाला ते इतकं पसंत पडलं की पुढची सगळी कामं त्या दोन रकान्यांसकट हवीत, असा निरोप आला. घुसखोर आणि हद्दपार यांना इंग्रजीत काय म्हणायचं, ते मात्र माझ्यावर सोपवलं. मी दोन डिक्शनऱ्या घेऊन आठवडाभर मिरवत होते.

घुसखोरांवर सरांचा राग होता, पण जीव सगळा हद्दपारांवर. त्यांतल्या एका नोंदीवर ते बसले ते उठेचनात. कुणी एक माणूस. नाव नाही, गाव नाही. पहाटे काळोखात एकटा गाडी घेऊन निघतो, कामावर पोचायला त्याला दीड तास लागतो. आणि त्याचा पट्टा नियमानं बाहेर.

"आमचा माणूस," सर त्याला म्हणत. "काळोखात निघतो बिचारा, आणि हे म्हणतात, याचा शहराशी संबंध नाही!"

सकाळी आल्याआल्या विचारायचे, "तिकडे बर्फ पडलं म्हणे. आमचा माणूस पोचला असेल ना?"

"सर, ही माहिती कितीतरी जुनी आहे. तो आता रिटायरही झाला असेल."

सर विचारात पडले.  जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, "मग पेन्शन कुठे घेत असेल हो? गावात की शहरात?"

शहर म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या एका वाक्याची होती. "जिथे माणसं सकाळी जातात ते शहर, जिथे संध्याकाळी परततात ते उपनगर." तिकडचा नियमही जवळजवळ हाच होता : आजूबाजूच्या भागातली पुरेशी माणसं शहरात कामाला येत असतील तर तो भाग महानगरात धरायचा. आणि एखादा माणूस नेमका कुठला, याला त्यांचं उत्तर वेगळं होतं. "जनगणना काहीही म्हणो. जिथला पोस्टमन तुम्हाला ओळखतो, तिथले तुम्ही."

अमेरिकेतल्या हद्दपारांसाठी एवढे कळवळणारे सर पुण्याच्या बाबतीत मात्र दगड. काचेच्या खोलीत त्यांच्या पाठीमागे भिंतभर पुण्याचा नकाशा होता, आणि त्यावर टाचण्या मारून किरमिजी लोकरीचा तिपेडी धागा ओढलेला. ही पुण्याची हद्द. स्वेटर विणून उरलेली लोकर तिथे लागली होती. हद्द नदीच्या अलीकडून जायची. नदी ओलांडली की परगाव. मालक डेक्कनवर राहायचा, म्हणजे पगार देत असूनही परगावचा. माझी खडकी तर नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, धाग्यापासून हातभर दूर.

"तुमचं कँटोन्मेंट वेगळं, दिवाबत्ती वेगळी, तुम्ही पुण्याच्या कशा?" आणि संध्याकाळी मी पर्स उचलली की रोज न चुकता, "निघालात? पोचल्यावर पत्र टाका."

मुली हसायच्या, मीही हसायचे. पुणेरी विनोद कळतो हे दाखवायला मी जरा जास्तच हसायचे. एकदा घरी चहा पिताना सासऱ्यांना हा किस्सा सांगितला. ते दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले, सकाळची बुद्धवंदना कधी चुकवायचे नाहीत, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

"गावाबाहेर ठेवायची सवय जुनी आहे त्यांची," ते म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर 'पत्र टाका' म्हणाले आणि माझ्या तोंडून सासऱ्यांचं वाक्य जसंच्या तसं निघून गेलं. सर पेन्सिलीला टोक काढत होते. ते थांबले.

"कोण म्हणालं?"

"सासरे."

सरांनी मान हलवली आणि टोक काढत राहिले. पेन्सिल संपायला आली तरी काढत राहिले. मला वाटलं, झालं, गेली आपली टीम लीडरी.

सकाळी येऊन बघते तर नकाशावरचा धागा नदी ओलांडून वर गेला होता. खडकीला वळसा घालून, स्टेशनसकट आत घेऊन परत आला होता. जाताजाता डेक्कनही आत आलं होतं. पण उरलेली लोकर तर कधीच संपली होती. मी सरांकडे पाहिलं. स्वेटरची डावी बाही कोपरापाशी थांबली होती.

"मोजणीत चूक होती," सर म्हणाले. "दुरुस्त केली."

घरी सांगितलं तेव्हा सासरे पहिल्यांदा हसले. "म्हणजे आपण अर्ध्या बाहीत आलो," म्हणाले.

'पोचल्यावर पत्र टाका' मात्र सरांनी सोडलं नाही. ती हद्दीची गोष्ट नव्हती, सवयीची होती.

यानंतर वर्षभरात मालकानं बॉम्ब टाकला. कंपनी खराडीला जाणार. तिथे काचेची नवी इमारत उठत होती, अख्खी इमारत गार, चपला घालून कुठेही हिंडा. मुली नाचायला लागल्या. सर नकाशाकडे वळले, बोटानं खराडी शोधायला लागले. बोट धाग्याच्या बाहेर, बरंच पूर्वेला जाऊन टेकलं.

"मी परगावी नोकरी करत नाही," सर म्हणाले.

"सर, खराडी आता पुण्यातच धरतात," मालक म्हणाला.

"कोण धरतं? सिद्ध कर. तुझा भूगोल मला माहीत आहे."

मालकानं मला बाहेर बोलावलं. "मॅडम, ते दोन रकाने सरांशिवाय कुणाला जमत नाहीत. सर आले तर भूगोल विभाग चालू. नाही आले तर तो बंद, आणि तुम्ही चौघी विम्याचे फॉर्म टाइप करायला बसाल. बघा काय जमतं ते."

माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय आलं असेल? पोटापाण्याचा प्रश्न? सरांचं एकटेपण? छे हो. माझं कार्ड आलं. मग मात्र मला अक्कल सुचली. मी सरांना म्हटलं, "अमेरिकेला जो नियम लावता तोच खराडीला लावू या. चला, विचारू लोकांना."

यावर सरांना नाही म्हणता येईना. आम्ही बसनं निघालो. सरांनी मफलर, छत्री, पाण्याचा तांब्या आणि दोन वेळचा डबा घेतला होता. खराडी म्हणजे तेव्हा ज्वारीची शेतं, चार-दोन बंगले, आणि मधेच ती काचेची इमारत, कुणीतरी चुकून ठेवून गेल्यासारखी. पहिल्याच घरी एक आजीबाई गोठ्यात म्हशीला पेंड घालत होत्या. सरांनी तिकडचे प्रश्न मराठीत करून आणले होते.

"नमस्कार. आपण घरातून कामाला किती वाजता निघता?"

"निघायचं कुटं? रान हितंच हाय, म्हस हितंच हाय."

"बरं. गाडीत आपल्याबरोबर आणखी किती जण असतात?"

"बैलगाडीत व्हय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहऱ्यानं लिहून घेतलं : बैलगाडी. टीम लीडर ना मी.

"आजी, मुद्द्याचं सांगा. या गावातून पुण्याला कामाला किती माणसं जातात?"

आजीबाईंनी पेंडीचे हात पदराला पुसले. "आमी कशाला जातोय पुन्याला? पुनंच येतंय की हितं! सकाळ झाली का गाड्याच गाड्या. जमीन हाय का, जमीन हाय का. आन् ती काचंची बिल्डिंग झाल्यावर तर समदी पोरं तिकडूनच येनार म्हनत्यात. तुमी पन त्यातलंच न्हवं?"

 आजीबाईंनी दिलेला चहा सरांनी उभ्यानंच घेतला. परतीच्या बसमध्ये डबा उघडला नाही. मी मनातून विम्याचे फॉर्म टाइप करायला लागले होते.

पुढचे काही दिवस सर आपल्या आळीत घरोघर फिरले. तुमचा मुलगा कुठे जातो, सून कुठे जाणार, भाचा कुठे लागला. मग एका सोमवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. मालकही चपला काढून उभा राहिला.

"खराडी पुण्यात आहे का, हा प्रश्नच चुकीचा होता," सर म्हणाले. "जिथे माणसं सकाळी जातात ते शहर. आमच्या आळीतली निम्म्याहून जास्त तरुण माणसं खराडीला आणि तिच्या आसपास कामाला जाणार. नियम म्हणजे नियम. खराडी हे शहर आहे. शनिवार पेठ तिचं उपनगर आहे."

कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. सरांनी टेबलाच्या खणातून छोटी कात्री काढली, उजव्या मनगटाचा टाका कापला आणि आमच्यादेखत बाही उसवायला लागले. धागा नकाशावरून पूर्वेला गेला, खराडीभोवती फिरला, परत आला. उजवी बाही खांद्यापर्यंत संपली. पत्नीनं केलेली वीण त्या उसवलेल्या धाग्यात वेडीवाकडी कुरळी दिसत होती. सरांनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"एक दिवस येऊन बघतो," म्हणाले.

आले. तांब्या, मफलर, छत्री, सगळं घेऊन आले. नव्या ऑफिसात त्यांना खिडकीजवळची जागा दिली होती, बाहेर ज्वारी. दिवसभर ते गुपचूप पट्टे जुळवत बसले. संध्याकाळी कंपनीच्या गाड्या निघाल्या. एक माझ्या बाजूला खडकीकडे, एक पेठांकडे. सर पेठांच्या गाडीत चढत होते, आणि माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी ओरडले, "सर! पोचल्यावर पत्र टाका!"

सगळी गाडी हसली. सर वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. माझी जीभ कापून टाकावी असं वाटत होतं. मालकानं विम्याच्या फॉर्मांचे गठ्ठे मागवले, ते माझ्याच टेबलाशेजारी रचले. आणि मग खडकीला माझ्या घरी पोस्टकार्ड आलं. सरांचं, छापल्यासारखं अक्षर :

'सुखरूप पोचलो. परत निघण्याचं मात्र मनात येत नाही. या वयात शहरी जाऊन राहणं जमेलसं वाटत नाही. कळावे.'

आणि वर, उजव्या कोपऱ्यात पत्ता : 'मु. शनिवार पेठ, खराडीचे उपनगर.'

मी उत्तर लिहायला बसले. खूप कागद फाडले. त्या काळात मला वाटायचं की आपण फार सुंदर लिहितो. शेवटी कार्डावर एकच ओळ उरली : 'खिडकीजवळची जागा रिकामी आहे, आणि आपला माणूस अजून पोचलेला नाही.' पत्ता लिहिताना खोडी केल्याशिवाय राहवेना. वर नुसतं 'सर' लिहिलं, आणि खाली त्यांनी स्वतः लिहिला होता तस्साच पत्ता उतरवला. मु. शनिवार पेठ, खराडीचे उपनगर. पुढे पिनकोड टाकायचा तर हाताला नव्या ऑफिसचाच पाठ होता. तो टाकला. नव्या कार्डावर छापून आला होता ना!

दोन दिवसांनी खराडीचा पोस्टमन सायकल फाटकाला टेकवून उभा. "तुमच्या हापिसात शनिवार पेठ म्हनून कोन हाय का?"

फाटकावरचा माणूस क्षणभरही थांबला नाही. "आहेत की. पण दोन-चार दिवस येत नाहीत."

मी ते कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांकडे फोन नव्हता, म्हणून खालच्या गिरणीत निरोप ठेवला : 'तुमचं पत्र खराडीला आलं आहे. येऊन घेऊन जाणे.'

दुसऱ्या दिवशी सर आले. तांब्या नव्हता, छत्री नव्हती, अर्ध्या बाहीचा स्वेटर तेवढा होता. टेबलाशी उभ्याउभ्या त्यांनी कार्ड वाचलं, उलटं केलं, पत्ता वाचला, खराडीचा शिक्का चष्म्याजवळ नेऊन पाहिला.

"पोस्टमननं विचारलं का?"

"फाटकावर विचारलं," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "पण आत कुणाला विचारावं लागलं नाही."

सरांनी विचार केला. "नवा आहे," म्हणाले. "एवढी सूट द्यायला हरकत नाही."

खुर्ची ओढली, बसले, पट्ट्यांचा कागद पुढे घेतला. विम्याचे गठ्ठे संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मजल्यावर गेले. जाताना मी मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळून गेले, पर्स वाजवत. रोजचं वाक्य कानावर पडल्याशिवाय घरी जावंसं वाटत नव्हतं.

सरांनी मान वर केली नाही.

"निघालात? जपून जा. आणि पत्रबित्र टाकू नका हो," ते म्हणाले. "आजकाल टपालखातं माणसाला कुठे नेऊन ठेवील, नेम नाही."